रात्री इथं कोण राहतं?

प्रश्न आईनं विचारला, तोही दुकानातल्या पोराला. अडकून बसले मात्र मी.

अमेरिकेतल्या वाळवंटातला एक पेट्रोलपंप. पेट्रोलचे पैसे द्यायला मी आत दुकानात गेले, तर आई माझ्या मागोमाग. फेब्रुवारीचं ऊन, म्हणजे तसं सोसवणारं. पण वारा एवढा कोरडा की ओठांवरून जीभ फिरवली तरी दोन मिनिटांत ते पुन्हा ताणले जायचे. आत एका बाजूला फ्रिजमध्ये रूट बिअरच्या तपकिरी बाटल्या, दुसऱ्या बाजूला टी-शर्ट, मग, फ्रिजवर लावायची चुंबकं, आणि जवळपास प्रत्येकावर बाहेरच्याच उंच पाटीचं चित्र. गल्ल्यावर विशीतला एक मुलगा. आईला कुठंच गप्प बसवत नाही. तिनं आपल्या इंग्रजीत विचारलं, तुझं घर कुठलं? मुलगा म्हणाला, ट्वेंटीनाइन पाम्स. तिथून तासभर गाडी हाणत येतो. मग आईनं काचेतून दिसणाऱ्या पांढऱ्या खोल्यांच्या रांगेकडे बोट केलं. "अँड नाइट? हू लिव्ह्ज?" त्यानं खांदे उडवले. कुणाची पाळी असली तर कुणीतरी मागं झोपतं, नाहीतर नाही, असं काहीतरी पुटपुटला. आईनं एकदा त्याच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि मराठीत म्हणाली, "अगं, मग ती एवढी मोठी पाटी रात्रीची पेटवतात ती कुणासाठी?"

मी म्हणाले, लोक येतात, फोटो काढतात. आई "हं" म्हणाली. तिचं 'हं' ज्यांनी ऐकलंय त्यांना कळेल, उत्तर मिळालं असं काही त्याचा अर्थ नव्हता.

गाव म्हणजे अँबॉय. कॅलिफोर्नियाच्या मोहावी वाळवंटात, जुन्या रूट ६६ वर. आम्ही ग्रँड कॅन्यनला निघालो होतो. सरळ इंटरस्टेट ४० हा नवा महामार्ग धरला असता तर रात्रीच्या आत ॲरिझोनात शिरलो असतो, पण लडलो या ठिकाणी मीच गाडी खाली जुन्या रस्त्यावर उतरवायला लावली. नवऱ्याच्या मते हा शुद्ध वेळेचा अपव्यय, आणि घड्याळ धरून बोलायचं तर त्याचं खरं होतं. लडलोपासून अँबॉयपर्यंतचा पंचेचाळीसेक किलोमीटरचा रस्ता म्हणजे डांबरानं शिवलेल्या भेगा. प्रत्येक भेगेवर टायर धप् वाजतो, आणि धप्-धप्ची ती लय एकदा कानात बसली की गप्पा बंद पडतात. डावीउजवीकडे गुडघाभर उंचीची क्रिओसोटची झुडपं, एकमेकांपासून ठरावीक अंतर राखून उभी, जणू प्रत्येकीच्या वाट्याचं पाणी मोजून दिलेलं आहे. एरवी माणूस नाही, गुरं नाहीत, टपरी तर नाहीच. आईला गाडी लागते म्हणून ती पुढं बसली होती. बराच वेळ बघून ती म्हणाली, "इथं कुणाला हाक मारायची झाली तर काय करतात?"

मग उजव्या हाताला काळा दगड सुरू झाला. अँबॉय क्रेटर. सपाट माळावर बसलेली पंचाहत्तरेक मीटर उंचीची ज्वालामुखीची काळी टेकडी आणि तिच्याभोवती लांबवर पसरून थिजलेला लाव्हा. गाडीतून उतरून आईनं एक दगड उचलला. बारीक बारीक छिद्रं, आकाराच्या मानानं हलका, उन्हानं कोमट. तिनं तो तळहातावर उलटासुलटा केला, नखानं छिद्रातली धूळ काढली आणि अगदी ठामपणे सांगितलं, "हा आपला दगड आहे." आणि गंमत म्हणजे तो खरंच आपला होता. बेसॉल्ट. ज्यातून रायगड कोरला, ज्यावर आजोळच्या मागची विहीर खणली, तोच. आमच्याकडे तो शेवाळ्याखाली, गवताखाली, घरांच्या जोत्यांखाली दडलेला असतो. इथं अंगावर कपडा नसल्यासारखा उघडा पडलेला. आईनं तो दगड परत होता तिथंच ठेवला, तोंड पूर्वी होतं त्याच बाजूला करून.

अँबॉयला मी 'गाव' म्हणते आहे, पण आपल्याकडच्या अर्थानं ते गाव कधीच नव्हतं. नदी नाही, शिवार नाही, मारुती नाही. विहीर खणली तर पाणी खारट, कारण शेजारीच ब्रिस्टल नावाचं सुकलेलं तळं, मिठाचं. तिथं आजही लांबच लांब चर खणून खारं पाणी उन्हात आटवतात आणि कॅल्शियम क्लोराइड काढतात. पिण्याचं पाणी पूर्वी आगगाडीच्या टाक्यांतून यायचं. मुळात ही जागा वसवली तीच आगगाडीनं. १८८३ साली या वैराणातून रूळ पडले तेव्हा स्टेशनांना नावं कुठून आणायची? मग इंग्रजी मुळाक्षरं लावली. अँबॉय, ब्रिस्टल, कॅडिझ, डॅनबी, अशी ओळीनं. एखाद्या बाबूनं जेवणाच्या सुट्टीच्या आत उरकलेलं काम वाटतं. १९२६ मध्ये शिकागोहून लॉस एंजेलिसला जाणारा रूट ६६ आखला गेला आणि रुळांच्या बाजूनं मोटारी धावू लागल्या. १९३८ मध्ये रॉय क्रोल नावाच्या माणसानं इथं पेट्रोलपंप आणि गॅरेज टाकलं. त्याच्या जावयानं, बस्टर बरिसनं, पुढं कॅफे वाढवला, मोटेलच्या खोल्या बांधल्या.

या बरिसबद्दल जे सांगतात त्यातली एक गोष्ट मला फार आवडते. अँबॉयला वीज नव्हती, तर हा गडी जुन्या स्टुडबेकर पिकअपमध्ये खांब आणि तारा घालून निघाला आणि थेट बारस्टोपासून रस्त्याकडेनं खांब रोवत वीज घेऊन आला. बारस्टो म्हणजे शंभर किलोमीटरहून लांब. अर्ज-विनंत्या करत बसायचा त्याचा पिंड नसावा. दुसरं महायुद्ध संपल्यावर अमेरिकेत जो तो मोटार घेऊन पश्चिमेला निघाला तेव्हा इथं चोवीस तास राबता होता. रेडिएटर उकळलेल्या गाड्या, पंखे, पट्टे, टायर, रडणारी पोरं, आणि खोली मिळेल का विचारणारे बाप. भरात असताना अँबॉयला सातेकशे माणसं होती म्हणतात. शाळा होती, चर्च होतं, टपाल होतं. १९५९ मध्ये बरिसनं ती प्रसिद्ध पाटी उभारली. पन्नास फूट उंच, खाली टोक केलेला भलामोठा लाल बाण, त्यावर 'रॉयज', खाली मोटेल आणि कॅफे. अंधारात तिचा उजेड कित्येक मैलांवरून दिसत असणार, आणि थकलेल्या ड्रायव्हरला तेवढंच हवं असतं: पुढं कुणीतरी जागं आहे.

मग १९७३ मध्ये उत्तरेला डोंगरांपलीकडून इंटरस्टेट ४० सुरू झाला आणि अँबॉय बसलं. हळूहळू वगैरे नाही. गाड्या काल होत्या, आज नव्हत्या.

त्या महामार्गाची एक उपकथा अशी की, १९६३ मध्ये याच भागातल्या ब्रिस्टल डोंगरातून रेल्वे आणि रस्ता सरळ न्यायला २२ अणुबॉम्ब फोडून खिंड पाडायची योजना होती. अणुऊर्जा आयोग, कॅलिफोर्नियाचं रस्ते खातं आणि सांता फे रेल्वे, तिघांनी मिळून तिचा रीतसर अभ्यास केला. नाव होतं प्रोजेक्ट कॅरीऑल. पुढं ती योजना बारगळली आणि डोंगर साध्या सुरुंगांनीच फोडला. मला त्यात धक्का बसतो तो बॉम्बचा नाही, ते तसले दिवसच होते. धक्का याचा की खोल्यांच्या चादरी रोज धुणारं, अंडी उकडणारं हे अँबॉय तिथून अगदी जवळ होतं आणि नकाशावर रेघ ओढणाऱ्याच्या लेखी ते रिकामंच होतं. गाव ओस पडायच्या दहा वर्षं आधीच कागदावर ओस पडलेलं होतं.

इथवर आलं की मला मामा आठवतो. टाळायचं म्हटलं तरी आठवतो.

मामाचं हॉटेल जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर, चौक गावाच्या अलीकडे. हॉटेल म्हणजे पुढं पत्र्याची शेड, आत आठ-दहा टेबलं, मागं राहतं घर. आमची मे महिन्याची सुट्टी तिथं जायची. एसटी थांबली की कंडक्टर दरवाजातून ओरडायचा, "गाडी धा मिनटं थांबंल," आणि त्या दहा मिनिटांत कढईतून भज्यांचे तीन घाणे निघायचे. डिझेलचा, तळणीचा आणि ओल्या फडक्यानं पुसलेल्या सनमायक्याचा वास एकत्र यायचा. ट्रकवाले रात्री येत. पुण्याकडं जाणारे घाट चढण्याआधी पाणी भरून घेत. न्हावाशेव्याचं बंदर सुरू झाल्यावर कंटेनरच्या गाड्या वाढल्या, तशी मामानं मागं दोन बाजा वाढवल्या. शेडच्या कडेला बांबूला एक लाल कागद गुंडाळलेली ट्यूबलाइट बांधलेली असायची. तीच मामाची पाटी. नाव वाचत कोण बसतंय. लाल ट्यूब दिसली की ब्रेक लागायचा. रात्री दीड-दोनला मला जाग आली तरी पुढच्या बाजूनं कपबशांचा आवाज यायचा आणि आजीची खात्री असायची की हे घर कधी नीट झोपणारच नाही.

२००२ मध्ये एक्स्प्रेसवे पूर्ण सुरू झाला. एसट्या, लांबच्या गाड्या, कंपन्यांच्या मोटारी, सगळं तिकडून जाऊ लागलं. जुन्या रस्त्यावर उरल्या त्या दुचाक्या, कारण त्यांना तिकडं बंदी, आणि टोल वाचवणारे काही ट्रक. अँबॉयसारखं शून्य झालं नाही. आपल्याकडं कुठलीच गोष्ट शून्य होत नाही, तेवढी माणसं आहेत. पण दुचाकीवाला किती खाणार? एक कटिंग, एक वडापाव, निघाला. पहिली बंद झाली ती लाल ट्यूब. विजेचं बिल बघून मामीनंच काढायला लावली. मग रात्रपाळीचा पोऱ्या गेला, मग मिसळ, मग बाजा. तीन-चार वर्षांनी मामानं शटर ओढलं आणि जागा एका बिल्डरला दिली. आज तिथं 'निसर्गाच्या कुशीत' घरं विकणाऱ्या एका स्कीमची कमान आहे. शेडचा एक पत्राही मागं राहिलेला नाही.

अँबॉयला उभी राहून मी नेमका हाच हिशोब करत होते. ही दोन्ही ठिकाणं एकाच दुखण्यानं गेली. मग एकाचा टी-शर्ट झाला आणि दुसऱ्याचं काहीच का झालं नाही? एक कारण उघड आहे, अमेरिकेला आपल्या रस्त्याचं प्रेम आहे आणि त्या प्रेमाचा धंदा करायची अक्कलही आहे. पण दुसरं कारण मला त्या खोल्यांभोवती फिरताना समजलं, आणि ते कुठल्या पुस्तकात वाचलेलं नव्हतं. पांढऱ्या खोल्या सुट्या सुट्या, ओळीनं उभ्या. एका खोलीच्या चौकटीला मी हात लावला. रंगाचे पापुद्रे उभे फाटले होते, खालचं लाकूड चंदेरी-राखाडी झालेलं, पण बोटानं दाबलं तर टणक. वाळवी नाही, बुरशी नाही. बिजागरीचा गंज कोरडा, बोटाला लागून लगेच झटकला गेला. इतकी वर्षं रिकामी असलेली चौकट! चौकला दोन पावसाळे लागले असते. पहिल्या पावसात कौलाखालची काठी फुगते, दुसऱ्यात भिंतीच्या फटीत पिंपळ उगवतो, तिसऱ्यात त्या पिंपळाला कुणीतरी कुंकू लावतं. आमचा पाऊस पडकं ठेवत नाही. गिळून टाकतो आणि वर गवत उगवून मोकळा होतो. वाळवंटाला ते जमत नाही. त्याच्यापाशी पाणीच नाही. म्हणून इथं गेलेल्या गोष्टी जायचं राहून जातात.

आणि जागेला गिऱ्हाईक नाही, हेही आहेच. चौकची जमीन रिकामी राहूच शकत नव्हती.

अँबॉयला मात्र एक गिऱ्हाईक मिळालं, तेही चमत्कारिक. बरिस म्हातारा होऊन २००० मध्ये गेला. त्याआधी वर्षभर शाळा बंद झाली होती. मधल्या मालकांचं काही जमलं नाही आणि २००५ मध्ये अल्बर्ट ओकुरा या जपानी वंशाच्या अमेरिकन माणसानं सगळं गाव ४,२५,००० डॉलरला विकत घेतलं. याचा धंदा भाजलेल्या कोंबडीचा, 'हुआन पोयो' नावाची हॉटेलांची साखळी. सॅन बर्नार्डिनोत मॅकडॉनल्ड्सचं पहिलं हॉटेल होतं ती जागाही त्यानंच घेऊन तिथं हौसेनं संग्रहालय थाटलेलं. २००८ मध्ये त्यानं पंप परत सुरू केला. २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये पाटीचे निऑन पुन्हा पेटले, कित्येक वर्षांनी. मोटेल आणि कॅफे उघडायचं त्याच्या मनात होतं, पण पाण्याचं आणि सांडपाण्याचं कोडं जुनंच. २०२३ मध्ये तो वारला. आता मुलगा बघतो. मला या माणसाबद्दल आदर आहे आणि थोडी शंकाही आहे. त्यानं घेतलं नसतं तर त्या खोल्यांच्या काचा एव्हाना पोरांनी फोडल्या असत्या. पण त्यानं वाचवलं म्हणजे नेमकं काय? पूर्वी पाटी खोल्या विकायची. आता खोल्या आतून रिकाम्या आहेत आणि पाटीच विकली जाते, मगांवर, चुंबकांवर, माझ्या मोबाइलमध्ये. आईच्या त्या प्रश्नाचं टोक मला इथं टोचत होतं. दिवा हा राहणाऱ्यानं लावायचा असतो, ही तिची साधी समजूत. भाड्याच्या घरात शेवटची रात्र असली तरी ती तिन्हीसांजेला दिवा लावून मग कुलूप घालते.

पुढं थोडं चालल्यावर रुळांच्या बाजूचे मातीचे बांध आहेत. वाळवंटात पाऊस क्वचित, पण येतो तेव्हा लोंढा घेऊन येतो. त्यापासून रस्ता वाचवायला हे बांध. त्यांच्या उतारांवर येणाऱ्याजाणाऱ्यांनी दगड मांडून आपापली नावं लिहिली आहेत. मैलोन् मैल नावं. जोडप्यांची आद्याक्षरं, बदाम, सालं, कुणा पलटणीचा आकडा, एक नाव अर्धवट सोडलेलं, बहुधा ऊन सोसलं नसेल. आई कंबरेवर हात ठेवून वाचत होती. "आपल्याकडं गडावर कोळशानं लिहितात, यांच्याकडं दगडानं," ती म्हणाली. "हौस तीच." तेवढ्यात मालगाडी आली. त्याच १८८३ च्या वाटेनं, आता दोन-दोन कंटेनर एकावर एक रचलेली. आम्ही डबे मोजायला लागलो आणि शंभरानंतर नाद सोडला. लॉस एंजेलिसच्या बंदरातून निघालेला माल. त्यात काही पेट्या न्हावाशेवा पाहून आलेल्याही असतील. गाडीनं इथं थांबायचं सोडून किती दशकं झाली असतील. वाफेची इंजिनं गेली, पाणी प्यायला स्टेशन लागेना, आणि मग ए, बी, सी, डी सगळीच अक्षरं रुळांच्या कडेला नुसती उभी राहिली. रस्त्यानं केलं ते रुळांनी आधीच करून झालं होतं, हे बरिसला ठाऊक असणारच. तरी त्यानं खांब रोवले.

तिथून पूर्वेला जुना रस्ता बंद होता. १९३० च्या दशकातले लाकडी पूल आहेत त्यावर, एकामागोमाग एक, आणि पुरांनी खिळखिळे झालेत. परत फिरण्यापेक्षा केलबेकर रस्त्यानं वर चढून इंटरस्टेट गाठायचा असं नवऱ्यानं ठरवलं. निघणार तेवढ्यात ऊन उतरलं. मिठाच्या तळ्यावर गुलाबी रंग आला, वारा एकदम गार झाला, आणि मला वाटलं आता थांबलोच आहोत तर पाटी पेटलेली बघून जाऊ. आवारात सहा-सात गाड्या जमल्या होत्या. तिकाटणी लावलेले दोघं-तिघं, एक मोटरसायकलवाल्यांचा घोळका, आणि लांब पांढऱ्या झग्यातली एक मुलगी, बहुधा लग्नाआधीचे फोटो. कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. आतून कुणीतरी बटण दाबलं असावं. आधी एक नळी फडफडली, मग दुसरी, आणि मग अख्खा बाण लाल झाला. कॅमेरे कटकटले. आई माझ्या शेजारी शाल गुंडाळून उभी होती, आणि दिवे लागल्याबरोबर तिनं हात जोडले. सवयीनं. पुटपुटलीही असेल काही. मग आपण कशाला नमस्कार केला हे लक्षात येऊन तिनं हात शालीत घेतले आणि गाडीकडं चालू लागली.

केलबेकरवरून वर आलो. इंटरस्टेटवर गाडी ऐंशी मैलांवर गेली, धप्-धप् थांबली, आणि खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. मी काही जुन्या रस्त्यांसाठी गळा काढणाऱ्यांतली नाही. पुण्याला जाताना मी एक्स्प्रेसवेनंच जाते. आजीला छातीत दुखायला लागलं तेव्हा जुन्या रस्त्यावर खोपोलीच्या ट्रॅफिकमध्ये अडकलेली आमची रिक्षा मला आठवते. ज्यानं जवळ केलं त्या रस्त्याला कसं काय बोलायचं? पण गाडी गप्प धावत असताना, रस्त्यानं कुणाचं तरी अंगण लांब टाकलं हेही बरोबर धावत राहतं. दोन्ही एकाच काचेतून दिसतं. जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटर पूर्ण झाला, त्याचे व्हिडिओ मी तीनदा पाहिले, आणि तिसऱ्यांदा पाहताना कसारा घाटातली वड्याची दुकानं डोळ्यांपुढं आली.

त्या रविवारी मामाला व्हिडिओ कॉल लावला. तो आता ऐंशीच्या पुढं आहे, पनवेलला मुलाकडं असतो, कानाला यंत्र आहे आणि ते तो सोयीनं लावतो. आईनं त्याला सगळं सविस्तर सांगितलं: दगड, मालगाडी, नावं. मी पाटीचा फोटो पाठवला. त्यानं तो बोटांनी मोठा करून बघितला. मला वाटलं आता लाल ट्यूबची आठवण काढेल, डोळ्यांत पाणी येईल, आणि मी तशी तयारीही ठेवली होती. मामानं विचारलं, केवढ्याला घेतलं म्हणालीस गाव? मी आकडा सांगितला. त्या वेळच्या भावानं पावणेदोन-दोन कोटी.

"आणि माणसं किती गावात?"

"कुणी नाही रे."

"मग महाग घेतलं."

मी म्हणाले, मामा, हॉटेल बंद झालं तेव्हा तुला किती वाईट वाटलं असेल, इतकी वर्षं आम्ही कुणी विचारलंच नाही. तो थोडा वेळ यंत्राशी खटपट करत राहिला. मग म्हणाला, "वाईट? शटर ओढलं त्या रात्री मी सकाळी नऊपर्यंत झोपलो. तीस वर्षांत पहिल्यांदा. तुझ्या मामीनं नाकाशी हात धरून बघितला, श्वास चाललाय का म्हणून." पलीकडून मामी हसली. मी काही बोलायच्या आत त्यानं पुढचा प्रश्न विचारला, तो पोरगा तिथं काय काय विकतो? मी सांगितलं: पेट्रोल, थंड बाटल्या, चिप्स, टी-शर्ट.

"चहा?"

"चहा नाही मामा."

"संध्याकाळी गार वारा सुटतो म्हणालीस ना? लोक उघड्यावर उभे राहून दिवे बघतात म्हणालीस ना?" त्याचा आवाज एकदम चढला, हा आवाज मला ओळखीचा होता, एसटी वळणावर दिसली की निघायचा तो. "मग चहा का ठेवत नाही गाढव? पन्नास माणसं उभी आहेत, हात गारठलेत, खिशात पैसे आहेत. आलं घालून. मालकाचा नंबर आहे का तुझ्याकडं?"